किल्ला कोणाविरुद्ध होता?

जुलै २०१७ मध्ये वेल्समधील फ्लिंट या गावी, तेथील पडक्या किल्ल्याशेजारी एक भव्य लोखंडी कडे उभारण्याची योजना जाहीर झाली. तेराव्या शतकात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने उत्तर वेल्सभोवती किल्ल्यांची जी साखळी उभी केली, तिला ‘लोखंडी कडे’ म्हणण्याचा प्रघात आहे. तेच नाव घेऊन, ३,९५,००० पौंड खर्चून पर्यटकांना आकर्षित करणारे शिल्प घडवावे, असा वेल्समधील सरकारी वारसा-जतन खात्याचा विचार होता. लोकांना मात्र त्या कड्यात शोभा दिसली नाही, आपल्या पूर्वजांच्या गळ्यातला फास दिसला. विरोधाच्या अर्जावर दहा हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि सप्टेंबरमध्ये ती योजना सोडून द्यावी लागली.

हा वाद एका शिल्पापुरता होता असे मला वाटत नाही. युरोपात मध्ययुगीन किल्ले हजारोंच्या संख्येने उभे आहेत, त्यांपैकी अनेकांची देखभाल लोकांच्या कराच्या पैशातून होते आणि दरवर्षी लाखो माणसे ते पाहायला जातात. या वास्तूंचा कोणता इतिहास तेथे सांगायचा, आणि पडझड झालेल्या किल्ल्याचे नेमके काय करायचे, हे दोन्ही प्रश्न सार्वजनिक आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. माझे म्हणणे असे की, मध्ययुगीन युरोपातला किल्ला हा प्रामुख्याने परक्या शत्रूला अडवण्यासाठी नव्हता. भोवतालच्या माणसांवर, त्यांच्या धान्यावर, वाटांवर आणि न्यायावर ताबा ठेवण्यासाठी होता. हे एकदा मान्य केले की भग्न किल्ले पुन्हा ‘जसे होते तसे’ उभारण्याच्या हौसेला विरोध करणे भाग पडते, कारण अशी पुनर्बांधणी इतिहासातली फक्त एकच बाजू उभी करते, आणि ती बाजू नेहमी किल्ल्याच्या धन्याची असते.

या म्हणण्याचा सर्वांत जुना पुरावा एका राजाच्याच हुकमात आहे. जून ८६४ मध्ये पश्चिम फ्रँकांचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, राजा टकला चार्ल्स याने पित्र येथे एक फर्मान काढले. त्या काळात व्हायकिंगांच्या टोळ्या सेन नदीतून वर येऊन लूटमार करत होत्या, आणि त्यांना रोखण्यासाठी नदीवर तटबंदीचे पूल बांधण्याची तजवीज हा राजा स्वतः करत होता. म्हणजे तटबंदीचे महत्त्व त्याला चांगलेच ठाऊक होते. तरीही याच फर्मानात तो बजावतो की, आपल्या परवानगीवाचून ज्यांनी ज्यांनी कोट, तट आणि कुंपणे उभारली आहेत त्यांनी ती १ ऑगस्टच्या आत पाडून टाकावीत, कारण त्यांपायी शेजारच्या आणि आसपास राहणाऱ्या लोकांना लूट आणि अडवणूक सोसावी लागते. शत्रू दाराशी आलेला असताना राजा तटबंद्या पाडायला सांगतो, यातच त्या तटबंद्यांचे खरे काम काय होते हे कळते. त्यामागची माणसे व्हायकिंगांशी लढण्यापेक्षा शेजाऱ्याच्या पोत्यांवर जास्त लक्ष ठेवून होती.

चार्ल्सचा हुकूम टिकला नाही. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत राजसत्ता क्षीण होत गेली आणि किल्ल्यांचे पेव फुटले. आंजूचा सरदार फुल्क नेरा (९८७ ते १०४०) हा त्या काळातला सर्वांत मोठा किल्लेबांधू. लांजे आणि लोश येथील त्याच्या काळाशी जोडले जाणारे दगडी मनोरे आजही उभे आहेत. त्याने आपला मुलूख किल्ल्यामागून किल्ला बांधत, शेजारच्या सरदारांच्या हद्दीत एकेक पाऊल टाकत वाढवला. पण किल्ल्याचा अर्थ समजून घ्यायचा तर त्याच्या लढायांपेक्षा त्या काळच्या गावातला रोजचा व्यवहार पाहावा. किल्ल्याच्या धन्याला जो हुकमाचा अधिकार मिळाला, त्यात त्याच्याच गिरणीत दळण दळायचे, त्याच्याच भट्टीत पाव भाजायचा, त्याच्याच घाण्यावर द्राक्षे गाळायची आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा वाटा द्यायचा, असा दंडक होता. पुलावरची आणि बाजारातली जकात त्याची. तंटा झाला तर न्याय त्याच्या चौकात आणि दंडाची रक्कम त्याच्या पेटीत. हे सगळे वसूल करण्यासाठी मोठी फौज लागत नाही. लागतात ते वीस-पंचवीस घोडेस्वार आणि ज्याच्या आत गेल्यावर कोणी हात लावू शकणार नाही असा एक तट. किल्ल्याने हीच सोय करून दिली.

इंग्लंडमध्ये ही संस्था फारशी नव्हती. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, आणि ऑर्डरिक व्हायटॅलिस या बखरकाराने पुढे नोंदवले की, इंग्रज शूर असूनही त्यांच्या देशात किल्ले थोडे असल्यामुळे ते प्रतिकारात दुबळे ठरले. बायो येथील प्रसिद्ध भरतकामाच्या पटावर हेस्टिंग्जला किल्ला बांधतानाचे दृश्य आहे: फावडी घेतलेली माणसे मातीचे टेकाड रचत आहेत आणि वर लाकडी कोट चढतो आहे. सुरुवातीचे बहुतेक किल्ले असेच होते. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचे उंच टेकाड करायचे, त्यावर लाकडी बुरूज आणि पायथ्याशी कुंपणाचे आवार. यासाठी कुशल पाथरवट लागत नव्हते, आसपासच्या गावांतून वेठीला धरलेली माणसे पुरत होती, आणि असा किल्ला काही आठवड्यांत उभा राहू शकत होता.

तो कोठे उभा राहिला, हे अधिक महत्त्वाचे. सरहद्दीवर नव्हे, तर नांदत्या शहरांच्या मध्यावर. १०८६ साली विल्यमने देशाची जी मोजणी करवली, त्या डूम्सडे दप्तरात लिंकन शहरात किल्ल्यापायी १६६ घरे गेल्याची नोंद आहे. नॉरिचमध्ये ९८, श्रूजबरीत ५१, केंब्रिजमध्ये २७. यॉर्क शहराच्या सात विभागांपैकी एक संपूर्ण विभाग किल्ल्यांसाठी उजाड झाला. हे आकडे कोणा तक्रारखोर माणसाचे नाहीत. ज्या राजाने ती घरे पाडली त्याच्याच कारकुनांनी, कर किती बुडाला हे पाहण्यासाठी लिहिलेले आहेत. घरांत राहणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते. विल्यमच्या मृत्यूनंतर अँग्लो-सॅक्सन बखरीत त्याच्यावर जी कविता लिहिली गेली, तिची सुरुवातच ‘त्याने किल्ले बांधवले आणि गरिबांना फार छळले’ या अर्थाच्या ओळीने होते. राजाच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना एका इंग्रज लेखकाला सर्वांत आधी किल्ले आठवले, आणि त्यांच्याबरोबर गरीब आठवले. पुढच्या शतकातला राजा स्टीफन याच्या कारकिर्दीतील यादवीबद्दल हीच बखर सांगते की, सरदारांनी देश किल्ल्यांनी भरून टाकला, लोकांना किल्ल्यांच्या वेठीत पिळून काढले, आणि बांधून झाल्यावर त्यांत सैतान भरले. ख्रिस्त आणि त्याचे संत झोपी गेले आहेत, असे लोक उघडपणे म्हणत.

यावर कोणी म्हणेल की ही धामधुमीच्या दिवसांची गोष्ट झाली. पण इंग्लंडच्या राजाने १२१५ मध्ये दिलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेची २८ ते ३१ ही कलमे वाचावीत. किल्लेदाराने रोख पैसे दिल्याशिवाय कोणाचे धान्य उचलू नये, कोणाचे घोडे व गाड्या त्याच्या संमतीवाचून ओढून नेऊ नयेत, किल्ल्यासाठी कोणाचे लाकूड मालकाला न विचारता तोडू नये, अशी बंधने तेथे घातली आहेत. स्वातंत्र्याची सनद म्हणून जिचा जगभर गौरव होतो, तिच्यात किल्लेदारांच्या हडेलहप्पीला लगाम घालण्यासाठी इतकी कलमे खर्च व्हावीत, हे पुरेसे बोलके आहे. आणि हे संरक्षणही स्वतंत्र प्रजेसाठीच होते, जमिनीला बांधलेल्या कुळांसाठी नव्हे. किल्ला हे राजाचे कोठार होते, खजिना होता, कचेरी होती, तुरुंग होता. लिंकनच्या किल्ल्याच्या आवारात आजही फौजदारी न्यायालय भरते आणि लँकेस्टरच्या किल्ल्यातील तुरुंग २०११ पर्यंत चालू होता. लढाईचे काम संपून शतके लोटली, तरी हुकमतीचे काम चालूच राहिले.

किल्ल्यांवरची बहुतेक लोकप्रिय माहिती मात्र बांधकामाच्या तंत्रातच रमते. लाकडाच्या जागी दगड आला, लंडनचा सुमारे २७ मीटर उंचीचा पांढरा मनोरा अकराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, चौकोनी बुरुजांचे कोपरे सुरुंगाला बळी पडतात हे ध्यानात आल्यावर गोल बुरूज आले, मग एका तटाच्या आत दुसरा तट आला. या क्रमात खोटे काही नाही. १२१५ मध्ये रॉचेस्टरच्या वेढ्यात राजा जॉनने सुरुंगातील लाकडी टेकू जाळण्यासाठी चाळीस धष्टपुष्ट डुकरे मागवली आणि त्यांच्या चरबीच्या आगीने मनोऱ्याचा एक कोपरा खाली आणला. पुढे तोच कोपरा गोल बांधला गेला आणि उरलेले तीन अजून चौकोनी आहेत. असे तपशील मलाही मनापासून आवडतात. माझा आक्षेप एवढाच की, वेढा ही किल्ल्याच्या आयुष्यातली क्वचित घडणारी घटना होती, तर जकात, वेठ आणि न्यायदान या रोजच्या. आणि आपण क्वचित घडणाऱ्या घटनेवरून संपूर्ण संस्थेची ओळख ठरवून बसलो आहोत.

वेढ्याची गोष्ट सांगायचीच असेल तर ती पुरती सांगावी. इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड याने ११९६ ते ११९८ या अवघ्या दोन-अडीच वर्षांत सेन नदीवरच्या कड्यावर शातो गायार बांधला आणि त्यावर सुमारे १२,००० पौंड ओतले. युद्धशास्त्राच्या दृष्टीने तो त्या काळचा अजोड किल्ला मानला जातो. १२०३ मध्ये फ्रान्सच्या फिलिप ऑगस्टसने त्याला वेढा घातला, तेव्हा पायथ्याच्या लेझांदली गावातील माणसे बायकापोरांसह किल्ल्यात आश्रयाला धावली. किल्लेदार रॉजर द लेसी याने प्रथम त्यांना आत घेतले. धान्य पुरणार नाही असे दिसू लागल्यावर त्याने त्यांना टोळ्याटोळ्यांनी बाहेर काढले. पहिल्या टोळ्यांना फ्रेंचांनी जाऊ दिले, शेवटच्या टोळीला मात्र परत फिरवले. परत येईतो किल्ल्याचे दरवाजे बंद झाले होते. शेकडो माणसे ऐन हिवाळ्यात तट आणि मोर्चे यांच्या मधल्या उतारावर अडकून पडली. त्यांच्यावर दोन्हीकडून बाण सुटत, आणि पाला व भटकी जनावरे खाऊन ती जगत होती. त्यांतली अनेक तेथेच मेली. उरलेल्यांना अखेर फिलिपने वाट दिली आणि खायला घातले. मार्च १२०४ मध्ये किल्ला पडला. किल्ला रयतेचे रक्षण करत होता, असे जेव्हा सरसकट म्हटले जाते, तेव्हा तो उतार मला डोळ्यांआड करता येत नाही. रक्षण कोणाचे करायचे, हे आतल्या धान्यावर आणि किल्लेदाराच्या मर्जीवर ठरत होते.

आता पुन्हा वेल्सकडे येऊ, कारण किल्ल्याचे राजकारण इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. एडवर्डने १२७७ मध्ये पहिल्या स्वारीत फ्लिंटचा पाया घातला. त्यासाठी खंदक खणणारी माणसे इंग्लंडच्या अनेक परगण्यांतून आणली गेली, आणि लिंकनशायरहून निघालेल्या तुकडीबरोबर, वाटेत कोणी पळून जाऊ नये म्हणून, घोडेस्वार पहारेकरी दिलेले होते. ११ डिसेंबर १२८२ रोजी वेल्सचा राजपुत्र लिवेलिन मारला गेला, आणि त्यानंतर कॉन्वी, कार्नार्व्हन आणि हार्लेख हे तीन किल्ले एकाच वेळी उभे राहू लागले. कॉन्वीची जागा मुद्दाम निवडलेली होती. तेथे वेल्सच्या राजघराण्याने पोसलेला मठ होता आणि त्यात त्याच्या आजोबांची, थोरल्या लिवेलिनची, समाधी होती. मठ उचलून काही मैल आत हलवला गेला आणि त्या जागेवर इंग्रज वसाहतीचे तटबंद शहर वसवले गेले. कार्नार्व्हनचे बुरूज बहुकोनी आणि भिंती रंगीत दगडांच्या पट्ट्यांच्या आहेत. त्या कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण करून देतात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या स्थळाशी जोडलेल्या रोमन सम्राटाच्या वेल्श दंतकथेचा वारसाही अशा रीतीने जेत्याने आपल्या नावावर करून घेतला.

१२९४ मध्ये मडोग आप लिवेलिनच्या नेतृत्वाखाली बंड झाले, बंडखोरांनी कार्नार्व्हन घेतले, आणि ते मोडल्यावर एडवर्डने अँगलसी बेटावर ब्युमॅरिसचा किल्ला बांधायला काढला. तेथील मुख्य स्थपती सव्हॉयचा जेम्स याने सहकाऱ्यासह २७ फेब्रुवारी १२९६ रोजी राजाच्या खजिनदारांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. काम चालू ठेवण्यासाठी आठवड्याला २५० पौंड लागतात, असे सांगून तो हिशेब देतो: ४०० पाथरवट, २,००० बिगारी, २०० खाणकामगार, ३० लोहार, शिवाय सुतार, दगड आणि कोळसा वाहणाऱ्या १०० गाड्या, ६० मोठे गाडे आणि ३० होड्या. मजुरी थकली आहे, माणसे टिकवणे कठीण झाले आहे, कारण त्यांच्याजवळ पोटाला काही नाही, असे तो कळवतो. आणि मग लिहितो की, देशातली परिस्थिती भरवशाची नाही; वेल्श ते वेल्शच, हे आपण जाणताच; फ्रान्स आणि स्कॉटलंडशी युद्ध जुंपलेच, तर यांच्यावर अधिकच डोळा ठेवावा लागेल. किल्ला कोणाविरुद्ध होता, या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर बांधणाऱ्याच्या तोंडून मिळणे कठीण आहे. फ्रान्सशी युद्ध झाले तर फ्रेंचांवर नव्हे, भोवतालच्या लोकांवर लक्ष ठेवायचे होते.

त्या जागेशेजारी लानव्हाइस नावाचे वेल्श बंदर होते. बाजार, होड्यांची ने-आण (तर), हेरिंग माशांचा धंदा यांवर ते भरभराटीला आलेले होते, आणि थोरल्या लिवेलिनची राणी जोन हिचे दफन तेथल्या मठात झाले होते. किल्ल्यासाठी आणि नव्या इंग्रज शहरासाठी ते गाव उठवले गेले. गावकऱ्यांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवले, आणि त्या वस्तीला न्यूबरो म्हणजे नवे गाव असे नाव मिळाले. होड्यांच्या ने-आणीचा आणि व्यापाराचा हक्क ब्युमॅरिसच्या नव्या रहिवाशांकडे गेला. एवढे करून ब्युमॅरिस कधी पुरा झालाच नाही. पैसा स्कॉटलंडच्या युद्धाकडे वळला, बुरुजांचे वरचे मजले राहून गेले, आणि आज वास्तुकलेचे पुस्तक उघडले की त्याच अपुऱ्या किल्ल्याचा आराखडा सममितीचा सर्वोत्कृष्ट नमुना म्हणून छापलेला असतो. एडवर्डने वेल्समधील किल्ल्यांवर सुमारे ८०,००० पौंड खर्च केले. हार्लेखची नेमलेली शिबंदी मात्र ३६ माणसांची होती आणि त्यांत पाद्री, लोहार, सुतार व गवंडीही धरलेले होते. इतक्या थोड्या माणसांना इतक्या मोठ्या प्रदेशावर बसून राहता यावे, हाच त्या खर्चाचा उद्देश होता. अठराव्या शतकात वेल्श लेखक टॉमस पेनंट याने कार्नार्व्हनच्या किल्ल्याला ‘आमच्या दास्याची सर्वांत भव्य खूण’ म्हटले. त्याने त्याची भव्यता नाकारली नाही आणि दास्यही लपवले नाही. त्या किल्ल्याबद्दल याहून नेमके वाक्य मी वाचलेले नाही.

माझ्या म्हणण्याला दोन वजनदार आक्षेप आहेत. पहिला असा की, किल्ल्यांच्या आधाराने बाजार भरले, शहरे वाढली, आणि नवव्या-दहाव्या शतकांत व्हायकिंग आणि पूर्वेकडून येणारे मॅग्यार घोडेस्वार यांच्या धाडींपासून तटबंदीने खरोखर माणसे वाचवली. हे खरे आहे. पण इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाने ज्या तटबंद वसाहती उभारल्या, त्या संपूर्ण गावाला आत घेणाऱ्या होत्या आणि त्यांच्या तटाची राखण हे भोवतालच्या जमीनधारकांचे सामाईक काम होते. एका घराण्याचा निवास सगळ्यांपासून तोडून तटाआड नेणे ही निराळी कल्पना आहे. दुसरा आक्षेप असा की, किल्ले फक्त परक्या जेत्यांनीच बांधले नाहीत. डोल्विडेलान आणि डोल्बाडार्न हे वेल्श राजपुत्रांचेच किल्ले. हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, उलट पक्के करतो. १२८२ मध्ये मारल्या गेलेल्या लिवेलिनने स्वतःच्या थोरल्या भावाला, ओवाइनला, वीस वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले, आणि ती कैद डोल्बाडार्नमध्ये झाली अशी परंपरा आहे. प्रश्न इंग्रज की वेल्श असा नाही. तटाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा आहे.

तोफा आल्यावर उंच तटांचा काळ संपला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. जमिनीलगत पसरलेल्या कोनाकृती बुरुजांची इटालियन पद्धत पुढे आली आणि पोर्तुगीजांबरोबर ती वसई-गोव्यापर्यंत पोचली. परंतु युरोपातल्या अनेक किल्ल्यांना परक्या तोफांनी नव्हे, तर स्वतःच्याच सरकारने पाडले. १६२६ मध्ये फ्रान्समध्ये राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याच्या काळात हुकूम निघाला की, सरहद्दीवर नसलेल्या सगळ्या तटबंद्या जमीनदोस्त कराव्यात. पित्रच्या फर्मानानंतर साडेसातशेहून अधिक वर्षांनी तेच निदान पुन्हा झाले: देशाच्या आतला किल्ला देशाचे रक्षण करत नाही. इंग्लंडमध्ये यादवी युद्धानंतर पार्लमेंटने कॉर्फचा किल्ला १६४६ मध्ये दारूने उडवला, आणि त्याचे दगड नेऊन गावकऱ्यांनी घरे बांधली. शातो गायारचेही दगड चौथ्या हेन्रीच्या परवानगीने मठवासीयांनी नेले. ही पडझड म्हणजे काळाने केलेली नासधूस नव्हे. ती राजकीय निर्णयांची आणि सामान्य माणसांच्या गरजेची खूण आहे, आणि ज्या शतकात किल्ला बांधला गेला तितकेच हे शतकही त्याच्या इतिहासात मोडते.

एकोणिसाव्या शतकाने नेमकी हीच खूण पुसायला घेतली. १६१७ मध्ये पाडलेला प्येरफाँचा किल्ला सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने १८५७ पासून पुन्हा उभारला. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत आणणे, जी कदाचित कोणत्याच काळी अस्तित्वात नव्हती, ही त्याची स्वतःची व्याख्या. त्याने ती प्रामाणिकपणे अमलात आणली, आणि एका सम्राटाला मध्ययुगाची पार्श्वभूमी मिळवून दिली. अल्सासमधील ओ-क्योनिग्सबुर्ग १६३३ मध्ये स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला होता. तो १९०० ते १९०८ या काळात कैसर दुसऱ्या विल्हेल्मने बांधून काढला. अल्सास १८७१ मध्ये फ्रान्सकडून जिंकून घेतलेला होता, आणि तो मुळातच जर्मन आहे हे डोंगरमाथ्यावर दगडात लिहायचे होते. त्याच सुमारास हायडेलबर्गचा भग्न राजवाडाही पूर्ववत करावा, अशी मागणी जोरात होती. कलेतिहासकार गेओर्ग देहिओ यांनी १९०१ मध्ये तिला कडाडून विरोध केला; जतन करा, पुनर्निर्माण करू नका, ही त्यांची भूमिका. त्या राजवाड्यातला ओटहाइनरिशचा महाल त्यामुळे भग्नच राहिला आणि लोक आजही तो पाहायलाच हायडेलबर्गला जातात. अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे वास्तुजतनाच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने पुढे लिहून ठेवले.

नियमाला अपवाद असतात आणि ते मान्य करावेत. पोलंडमधील मालबोर्कचा किल्ला १९४५ च्या लढाईत निम्म्याहून अधिक कोसळला. तो पुन्हा उभा करताना नकाशे, छायाचित्रे आणि काल-परवापर्यंतची आठवण हाताशी होती. ते काम योग्य होते. ज्यांना मध्ययुगीन बांधकामाचे तंत्र डोळ्यांनी पाहायचे आहे, त्यांच्यासाठी फ्रान्समधील बरगंडीत गेदलाँ येथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक नवा किल्ला बांधला जात आहे. मोकळ्या जागेवर, कोणत्याही अवशेषाला धक्का न लावता, चुना कसा भाजतात आणि दगड वर कसा चढवतात हे तेथे शिकता येते. अस्सल अवशेषांवर अंदाजाचे मजले चढवण्यापेक्षा हा मार्ग शंभर पटींनी चांगला. कारण जेव्हा जेव्हा पुनर्बांधणीसाठी पैसा उभा राहतो, तेव्हा दिवाणखाना, बुरूज आणि दरवाजा उभा राहतो. लिंकनच्या १६६ घरांतले एखादे घर पुन्हा उभारा, अशी मागणी मी कधी ऐकलेली नाही.

मराठी वाचकाला हे सारे कानांना परके वाटण्याचे कारण उघड आहे. आपल्या मनातला किल्ला सह्याद्रीचा आहे आणि तो स्वराज्याशी जोडलेला आहे. तेथे हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्यात अधिकार वाटलेला असे, माणसे पगारी असत, आणि किल्ला कोणाच्या घराण्याचा नसे. युरोपातल्या सरदारी किल्ल्याचे नाते या गडांपेक्षा देशमुखांच्या गढ्यांशी अधिक जवळचे आहे. वतनदारांनी वाडे, कोट, हुडे बांधून, प्यादे व बंदुकी बाळगून रयतेला नाडले, म्हणून शिवाजी महाराजांनी ते पाडवले, असे बखरकार सभासदाने लिहिले आहे. चार्ल्सचे फर्मान आणि रिशल्यूचा हुकूम ज्या रोगावर होता, त्याच रोगावरचा हा उपाय होता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली, आणि गडांवर नवी बांधकामे करावीत की असलेले जपावे हा वाद आपल्याकडेही आता अधिक तीव्र होणार आहे. त्या वेळी प्येरफाँ आणि हायडेलबर्ग हे दोन्ही दाखले समोर ठेवावेत. रायगड इंग्रजांच्या तोफांनी १८१८ मध्ये जळाला, हेही रायगडाच्या इतिहासातून वजा करता येणार नाही.

एडवर्डचे वेल्समधील चार किल्ले १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. १ जुलै १९६९ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांना प्रिन्स ऑफ वेल्सची वस्त्रे देण्याचा समारंभ कार्नार्व्हनच्या चौकात झाला, आणि त्या दिवसांत बाहेर निदर्शने होत होती, हाही आता त्या वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे. हे किल्ले पाडावेत असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. ते जपण्यासाठी पैसा खर्च झालाच पाहिजे. पण तो आहे ते दगड टिकवण्यावर, उत्खननावर आणि माहिती सांगण्यावर व्हावा, लोखंडी कड्यांवर आणि नव्या छपरांवर नव्हे. ब्युमॅरिसला येणाऱ्या प्रत्येकाला जेम्सच्या पत्रातले ते वाक्य वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रवेशद्वारापाशीच वाचायला मिळावे. तिकिटासोबत हातात पडणाऱ्या नकाशावर लानव्हाइसची जागा आणि तेथून न्यूबरोला जाणारी वाट दाखवलेली असावी. लिंकनच्या तटावरून फिरणाऱ्याला डूम्सडे दप्तरातली ती नोंद खालच्या गल्ल्यांकडे बोट दाखवून सांगितली जावी. यासाठी नवे दगड रचावे लागत नाहीत, आणि फ्लिंटच्या शिल्पासाठी ठेवलेल्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात हे सगळे होण्यासारखे आहे.